छप्पर काचेचं, ऊन आपलं

पॅनोरॅमिक सनरूफ, म्हणजे गाडीचं जवळजवळ अख्खं छत काचेचं, ही आपल्याकडे विकली जाणारी सगळ्यात खोटी सुखसोय आहे. हे वाक्य मी गेल्या काही दिवसांत तीन घरांत बोललो आणि तिन्ही घरांत चहा थंड झाला. एका घरी गाडी बुक झाली होती, दुसरीकडे दारात येऊन उभी होती, तिसरीकडे हप्ते सुरू होऊन सहा महिने उलटले होते. "मियां, तुमच्या गाडीला नाही म्हणून बोलता," असं एका मेहुण्यानं तोंडावर ऐकवलं. माझ्या गाडीला नाही, हे खरंच आहे. माझ्या गाडीला होडीचं सुकाणूही नाही, पण त्याची कधी हळहळ वाटली नाही.

ज्यांनी घेतली आहे त्यांना दुखवायचा हेतू नाही. ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

महागड्या परदेशी गाड्यांत ही काच पूर्वीपासून होती. पण २०१९ मध्ये एमजी हेक्टर आली, २०२० मध्ये नवी क्रेटा आली, आणि वीस लाखांच्या आत अख्खं काचेचं छत मिळू लागलं. २०२४ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमधून ते चार मीटरच्या आतल्या गाडीवरही बसलं. त्याहून लहान गाड्यांत छोटी सनरूफ आहेच, काहींत तर तोंडानं हुकूम दिला की उघडते. आज शोरूममध्ये गेलात तर विक्रेता बॉनेट उघडून इंजिन दाखवत बसत नाही. तो तुमच्या बायकोला आणि पोरांना मागच्या सीटवर बसवतो, बटण दाबतो, पडदा सरसर मागे जातो आणि सगळे वर बघतात. सौदा तिथंच ठरतो. त्या क्षणी वर शोरूमचं छत असतं, एसी चालू असतो, दिवे मंद असतात. डोक्यावर ऊन नसतं. मेख आहे ती इथं.

गाडीच्या छताला खिडकी पाडण्याची कल्पना मूळची थंड देशातली. या धंद्यातलं जगातलं मोठं नाव म्हणजे जर्मनीची वेबास्टो ही कंपनी. १९०१ साली स्थापन झालेली, १९३० च्या दशकापासून गाड्यांची उघडणारी छपरं बनवणारी. आता तिचा कारखाना पुण्याजवळही आहे. तिचं मुख्यालय म्युनिकच्या शेजारी. म्युनिकमध्ये वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, २१ जूनच्या भर दुपारी, सूर्य क्षितिजापासून साधारण ६५ अंशांपर्यंतच चढतो. डिसेंबरात तो १८-१९ अंशांवर लोळत असतो. तिथं डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. आभाळाचा एक तुकडा मिळावा म्हणून तो जास्तीचे पैसे मोजत असेल तर त्याचं काही चुकत नाही.

आता आपलं बघा. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो. शाळेतली पोरं त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, बाटली उभी करून तिची सावली गायब होताना बघतात. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, मध्यावर पुणे आणि मुंबई, शेवटच्या आठवड्यात नागपूर. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये येते, ती ढगांमुळे कळत नाही. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी, म्हणजे आपल्या सगळ्यात मवाळ उन्हातही सूर्य ४८ अंशांवर असतो. म्युनिकला तेवढा चढायला एप्रिल उजाडतो. आपल्याकडे ऊन खिडकीतून येण्याच्या आधी छतावर पडतं. वर्षातले आठ महिने ते वरूनच येतं. आणि नेमकं तिथंच आपण काच बसवून घेतो, वर त्याचे पैसे देतो.

हे आपल्या बापजाद्यांना कळत होतं. कोकणातल्या मंगलोरी कौलांच्या घरात माजघराच्या वर एक काचेचं कौल असायचं. एकच. शेकडो लाल कौलांत एक पारदर्शक. त्यातून सकाळी उजेडाचा एक तिरपा खांब जमिनीवर उतरायचा आणि चुलीचा धूर त्यात दिसायचा. घर उजळायला तेवढं पुरायचं. सगळी कौलं काचेची करावीत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या घरात माणसं राहणार होती. औरंगाबादची पाणचक्की तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. मे महिन्यात दर्ग्यावर आलेला मुसाफिर त्या पाण्याच्या छताखाली पाठ टेकायचा. त्या काळच्या कारागिरांना मराठवाड्याचा उन्हाळा कळला होता. आपण मात्र त्याच शहरातल्या शोरूममधून काचेचं छप्पर घेऊन बाहेर पडतो.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये काम केलेला माणूस काचेच्या छताचं कौतुक कसं करतो, हे मला खरंच समजत नाही. ज्यांचं बालपण पत्र्याखाली गेलं, मार्च लागला की ज्यांच्या अब्बांनी पत्र्यावर कडबा नाहीतर ओलं गोणपाट टाकलं, गच्चीला चुना मारला, त्यांनीच पंधरा लाख जमवल्यावर ऊन आत घेणारं छत पसंत करावं? आयुष्यभर ज्या उन्हापासून पळालो, ते आता हप्त्यावर घरी आणतोय.

थोडा हिशेब करू. निरभ्र दुपारी माथ्यावरचा सूर्य दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता ओततो. छताची काच ढोबळमानानं एक चौरस मीटर धरा. ती रंगीत असते, बरीचशी उष्णता अडवते, हे मान्य. चौथा हिस्सा आत आला असं धरलं तरी २५० वॅट झाले. घरातला जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो. म्हणजे तीन पंखे जेवढी वीज खातात तेवढी आच तुमच्या टाळूवर सतत पडत राहणार आणि ती बाहेर काढायला एसी जास्त राबणार. पेट्रोल गाडीत ते टाकीतून जातं, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीतून. पत्र्याचं छप्परही तापतं, पण त्याखाली अस्तर असतं, हवेची पोकळी असते. पांढरा रंग असेल तर बरंच ऊन तो परत आभाळात पाठवतो.

"काच काळी आहे, मग ऊन कसं येईल?" हा प्रश्न मला तीनही घरांत विचारला गेला. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात नसतेच, ती इन्फ्रारेड किरणांत असते. त्यामुळे काच काळी दिसते यावरून ती थंड ठेवेल असं ठरत नाही. साधी काळी काच ऊन पिते, स्वतः तापते आणि मग तापलेल्या तव्यासारखी खाली आच देत बसते. इन्फ्रारेड परतवून लावणारा थर दिलेल्या चांगल्या काचाही निघाल्या आहेत, त्यांनी बराच फरक पडतो. पण शोरूममध्ये विचारून बघा, या छतातून सूर्याची किती टक्के उष्णता आत येते? बूट स्पेस लिटरमध्ये सांगणारा, स्क्रीन इंचात सांगणारा, सभोवार लावलेल्या दिव्यांचे रंग मोजून सांगणारा विक्रेता इथं आल्यावर म्हणतो, "सर, पडदा आहे ना."

पडद्याचीही गंमत आहे. पडदा काचेच्या आत असतो. उष्णता काच ओलांडून आत आल्यावर त्याला भेटते. तो तापतो आणि तुमच्या डोक्याच्या चार बोटं वर तापलेला कपडा लटकत राहतो. वाळ्याचे पडदे लोक खिडकीच्या बाहेरच्या बाजूला का लावतात, याचा विचार केला तरी हे लक्षात येईल. आणि वर्षातले आठ महिने पडदा बंदच ठेवायचा असेल तर काच कशासाठी घेतली? जुलै २०२५ मध्ये टेस्लानं मुंबईत बीकेसीला पहिलं दुकान थाटलं, साठ लाखांच्या घरातली मॉडेल वाय घेऊन. तिचं छत काचेचं, न उघडणारं, आणि पडदा मुळातच नाही. काच उत्तम प्रतीची आहे, थर वगैरे सगळे आहेत. तरी ऊन जास्त वाटणाऱ्यांसाठी कंपनीच जाळीचे पडदे वेगळे विकते. आधी काचेचे पैसे, मग ती झाकायच्या कापडाचे.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोयंका खटल्यात काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. नाक्यावर टॅक्सीवाल्याच्या काचेवरची फिल्म खरवडताना तुम्ही पोलिसांना पाहिलं असेल. कारण सुरक्षेचं आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्याचा अर्थ असा की गाडीच्या चारही बाजूंनी ऊन येणार हे ठरलेलंच आहे. हक्काची पुरी सावली एकाच ठिकाणी शिल्लक होती, छतात. तीही आपण हौसेनं देऊन टाकली.

आता माझ्या विरुद्ध बाजूनं आलेला सगळ्यात वजनदार मुद्दा सांगतो. तो माझ्या खालानं मांडला. ती म्हणाली, "तू दिवसभर बाहेर फिरतोस, तुला काय कळणार. मी आठवड्यातून एकदा घराबाहेर पडते. मागच्या सीटवर बसलं की डबीत बसल्यासारखं होतं. वर आभाळ दिसलं की जीव मोकळा होतो." याला हसून उत्तर देता येत नाही. ती खरं बोलत होती. आजच्या गाडीत मागच्या सीटवर डबीत बसल्यासारखंच होतं.

पण ती डबी केली कुणी? गेल्या वीसेक वर्षांत गाड्यांच्या खिडक्यांची खालची कड हळूहळू वर सरकत गेली. गाडी दणकट आणि रुबाबदार दिसावी म्हणून दारं उंच झाली आणि काचा अरुंद झाल्या. मागच्या दाराची खिडकी शेपटीकडे निमुळती होत गेली. अपघातात छत चेपू नये म्हणून खांब जाड झाले, ते एक वेळ योग्य. आतलं अस्तर, सीटा, डॅशबोर्ड सगळं काळं करून टाकलं, कारण काळा रंग 'स्पोर्टी' असतो म्हणे. पोराला खिडकीतून बघायचं तर त्याची हनुवटी दाराच्या कडेला लागते. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तिच्यात एसी नव्हता, गिअर खडखडायचा, दार बंद करायला एक विशिष्ट झटका द्यावा लागायचा. पण खिडक्या मोठ्या, खांब सडपातळ. पुढच्या दाराला ती छोटी त्रिकोणी काच असायची, फिरवली की वारा थेट तोंडावर. सहा वर्षांच्या पोराला मागे बसून अख्खा मोहम्मद अली रोड दिसायचा. आणि वर पत्र्याचं छप्पर, त्यावर कॅरिअर. सौदीहून आलेल्या चाचांच्या दोरीनं बांधलेल्या पेट्या त्या कॅरिअरवरून चिपळूणपर्यंत जायच्या. आजच्या कितीतरी गाड्यांवरचे रूळ नुसते शोभेचे असतात, त्यांवर वजन ठेवू नका असं मालकाच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं.

म्हणजे आधी खिडकी आक्रसली, मग आत अंधार झाला, आणि मग त्या अंधारावरचा उपाय म्हणून छताची काच वेगळ्या किमतीला विकायला काढली. खालाला हवं होतं ते आभाळ बाजूच्या खिडकीतून फुकट मिळायला हवं होतं. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं दिसतात, दुकानं दिसतात. वरच्या काचेतून मुंबईत मेट्रोचा पूल दिसतो, पुण्यात फ्लेक्स.

सुरक्षेकडे वळू, कारण माझा राग खरा तिथं आहे. गाडी उलटली तर छताच्या मोकळ्या जागेतून माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. हे मी घाबरवण्यासाठी म्हणत नाही, कंपन्यांना ते पक्कं माहीत आहे. २०१७ मध्ये ह्युंदाई मोबिसनं खास पॅनोरॅमिक सनरूफसाठीची एअरबॅग तयार केल्याचं जाहीर केलं, गाडी उलटताना छताच्या उघड्या भागावर पडद्यासारखी पसरणारी. धोका नसता तर ही खटपट कुणी केली नसती. अमेरिकेत प्रवासी गाडीबाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून वेगळं मानक आहे, पण ते बाजूच्या खिडक्यांपुरतं. काच आपोआप फुटल्याच्याही शेकडो तक्रारी अमेरिकेतल्या वाहन सुरक्षा खात्याकडे वर्षानुवर्षं जमा झाल्या आहेत. काच दोन प्रकारची असते. नुसती टणक केलेली काच फुटली की हजार तुकडे होतात. दोन काचांमध्ये चिकट थर असलेली फुटली तरी जागेवर राहते, पुढच्या काचेसारखी. आपल्या गाडीच्या छताला यातली कुठली आहे, हे किती मालकांना माहीत आहे?

याच्या शेजारी सहा एअरबॅगची कहाणी ठेवून बघा. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्रानं जानेवारी २०२२ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२२ ची मुदत एक वर्ष पुढे गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सांगून टाकलं की सक्ती करणार नाही. मधल्या काळात उद्योगाकडून एक सूर सतत लावला गेला: छोट्या गाड्या महागतील, गरीब ग्राहकाला परवडणार नाही. नंतर काही कंपन्यांनी स्वतःहून सहा एअरबॅग दिल्या, ह्युंदाईनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या गाड्यांत दिल्या, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण नेमक्या त्याच वर्षांत त्याच 'न परवडणाऱ्या' ग्राहकाला पन्नास हजार, कुठे लाखभर जास्तीचे घेऊन सनरूफवालं मॉडेल विकलं जात होतं, आणि तेव्हा कुणाला त्याच्या खिशाची काळजी वाटली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. महिनाभर देशात मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. आज मागच्या सीटवर पट्टा लावणारी किती घरं आहेत? त्याच सीटवर उभं राहून छतातून डोकं बाहेर काढणारी पोरं मात्र दर रविवारी दिसतात.

या पोरांबद्दल तरी आपण एकमेकांना सांभाळून घेणं बंद करू. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत सनरूफमधून बाहेर उभा असलेला एक लहान मुलगा रस्त्यावरच्या उंची-मर्यादेच्या लोखंडी कमानीवर आदळला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. अशा कमानी आपल्याकडे प्रत्येक जुन्या पुलाखाली आहेत. त्यात आपला मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली, तरी दर संक्रांतीला दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात. ताशी चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या गाडीतून छातीपर्यंत बाहेर आलेलं मूल आणि तो दुचाकीवाला यांत फरक एवढाच की दुचाकीवाल्याच्या डोक्यावर निदान हेल्मेट असतं. बारातीत तर मोठेही मागे नाहीत. दूल्ह्याच्या गाडीतून दोन चुलतभाऊ कमरेपर्यंत बाहेर, एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात नोटा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनाविना नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १००० रुपये दंड आहे. तो वसूल होताना मी पाहिलेला नाही. आणि जाहिराती बघा: हसरं कुटुंब, उघडं छत, वर केलेले हात. बारीक अक्षरांतली सूचना मालकाच्या पुस्तकात, जे कुणी वाचत नाही.

"नको असेल तर घेऊ नका, सक्ती थोडीच आहे?" असंही म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बिनगिअरची गाडी हवी, थंड हवा देणाऱ्या सीटा हव्यात, चांगले हेडलाइट हवेत, मागे वायपर हवा, तर पुष्कळ गाड्यांत तुम्हाला वरच्या श्रेणीचं मॉडेल घ्यावं लागतं, आणि तिथं काच आपोआप येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ऑटोमॅटिक हवी म्हणून तो आभाळाचेही पैसे देतो. आपल्या हवेला लागणाऱ्या खऱ्या सोयी म्हणजे सीटमधून येणारा वारा, मागच्या सीटला एसीची झोतं, खिडक्यांना सरकते पडदे, पांढरं छत. या किमान सुट्या तरी मिळाव्यात. उंच माणसाचं वेगळंच दुखणं. छताच्या चौकटीनं आणि पडद्याच्या गुंडाळीनं दोन बोटं उंची खाल्लेली असते आणि खड्ड्यात त्याचं डोकं तिलाच लागतं.

पावसाळ्याबद्दल मी हार मानतो. वरंधा घाटात जुलैमध्ये काचेवर पाऊस नाचतो तेव्हा ते दृश्य सुंदरच असतं. पुनर्विक्रीत किंमत बरी येते, हाही मुद्दा चूक नाही. पण तो सगळ्यांनी मिळून उभा केलेला बाजार आहे. दुसरा विचारेल म्हणून पहिला घेतो, पहिल्यानं घेतली म्हणून दुसरा विचारतो.

मागणी मोठी नाही. प्रत्येक इंजिन आणि प्रत्येक गिअरबॉक्सबरोबर पत्र्याच्या छताचा पर्याय द्या आणि तेवढे पैसे कमी करा. छताची काच सूर्याची किती उष्णता आत सोडते आणि ती फुटल्यावर काय होते, हे मायलेजच्या शेजारी छापा. गाडी चालू असताना छतातून कुणी उभं राहिलं तर बेल्टसारखाच कर्कश आवाज येऊ द्या. बेल्ट न लावणाऱ्यावर ओरडणाऱ्या गाडीला हे अशक्य नाही. आणि शोरूममध्ये तुम्ही एक करा, टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी घेऊ नका. एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, गाडी अर्धा तास उन्हात उभी केल्यावर घ्या, आणि मागच्या सीटवर स्वतः बसा.

ज्यांच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे त्यांनी मृग लागायच्या आत एक काम उरकावं. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक भोकं असतात. छताच्या पन्हाळीत आलेलं पाणी त्यांतून नळ्यांवाटे खांबांच्या आतून खाली जातं. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली लावत असाल तर त्यांत पानं आणि धूळ बसलेलीच असणार. मग पहिल्या जोराच्या पावसात पाणी अस्तरातून आत टपकतं आणि आपण रबराला दोष देतो. छत उघडून पन्हाळ ओल्या फडक्यानं पुसा, प्रत्येक कोपऱ्यात थोडं पाणी ओता आणि ते चाकाजवळ खाली पडतं का ते बघा. तुंबलं असेल तर लवचीक नायलॉनच्या दोरीनं हळू मोकळं करा. जोराची हवा मारू नका, आतली नळी जागेवरून निसटते, आणि ती परत बसवायला अख्खं अस्तर उतरवावं लागतं.